गाव, मालक आणि खेळाडू

१९९६ सालच्या जुलै महिन्यात फ्लॉरिडातील ओरलँडो शहराच्या वृत्तपत्राने आपल्या वाचकांना एक साधा प्रश्न विचारला. शकील ओनील हा खेळाडू साडेअकरा कोटी डॉलरच्या लायकीचा आहे का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' असे कळवले. ओनील त्या वेळी अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाबरोबर होता. त्याने तो कौल वाचला, आणि थोड्याच दिवसांत लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाशी सात वर्षांचा, सुमारे बारा कोटी डॉलरचा करार करून तो मोकळा झाला. पुढे २०००, २००१ आणि २००२ अशी लागोपाठ तीन वर्षे लेकर्सने विजेतेपद मिळवले. ओरलँडोच्या संघाला २०२५ पर्यंत एकदाही ते मिळालेले नाही.

केवळ त्या कौलामुळे ओनील गेला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण त्या प्रश्नात एक गोष्ट दडलेली आहे. आपल्या संघाने कोणाला ठेवावे, कोणाला जाऊ द्यावे आणि त्यासाठी किती पैसे मोजावेत, यावर गावातल्या सामान्य माणसाने वाद घालावा, ही कल्पनाच बास्केटबॉलमध्ये फार जुनी नाही. आधीच्या पिढीला हा वाद घालताच आला नसता. कारण खेळाडूला जाण्याची मुभाच नव्हती. जो जाऊच शकत नाही, त्याला ठेवावे की नाही याची चर्चा कोण करणार?

ही मुभा कशी मिळाली त्याची ही हकीकत. अमेरिकेत तिला 'फ्री एजन्सी' म्हणतात. करार संपला की खेळाडू मोकळा. ज्या संघाकडे जावेसे वाटेल त्याच्याकडे जावे. ऐकायला किती सरळ वाटते! आपल्या भागातील नाटकवेड्या घरांना तर यात नवल वाटणार नाही. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेबांची किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. नटाने मंडळी सोडली की रसिकाने कोणाच्या मागे जायचे, मंडळीच्या की नटाच्या, हा पेच आपल्याला शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेच्या बास्केटबॉलपटूला मात्र असे बाहेर पडण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

तेथील एनबीए या व्यावसायिक संघटनेतल्या करारांत एक कलम असे. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. मालकाने देऊ केलेला पगार पटला नाही तर खेळाडूपुढे दोनच वाटा: मुकाट्याने सही करणे किंवा घरी बसणे. मालकाला मात्र त्याला वाटेल तेव्हा वाटेल त्या गावी पाठवता येई. नव्या खेळाडूंची वाटणीही मालकांनीच आपसांत करून घेतलेली.

ऑस्कर रॉबर्टसनचेच पाहा. हा इंडियानापोलिसच्या गरीब काळ्या वस्तीत वाढलेला मुलगा. सिनसिनाटीच्या विद्यापीठात तो खेळला, म्हणून त्या काळच्या नियमाप्रमाणे १९६० साली सिनसिनाटीच्याच रॉयल्स संघाचा त्याच्यावर पहिला हक्क ठरला. त्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. १९६१-६२ च्या हंगामात त्याने सरासरीने प्रत्येक सामन्यात तीसहून अधिक गुण केले, बारांहून अधिक वेळा फळीवरून परतलेला चेंडू मिळवला आणि अकरांहून अधिक वेळा सोबत्याला गुण मिळवून देणारा पास दिला. सबंध हंगामभर तिन्ही बाबतींत दोन आकडी सरासरी राखणारा तो पहिलाच, आणि त्यानंतर पंचावन्न वर्षे कोणाला ते साधले नाही.

खेळाडूंची संघटना १९५४ साली बॉस्टनच्या बॉब कूझीने काढली होती; पण मालक तिला मोजतच नव्हते. पहिला खरा धक्का बसला तो १४ जानेवारी १९६४ रोजी, बॉस्टनमध्येच. त्या दिवशी सर्व संघांतल्या निवडक खेळाडूंचा सामना होता आणि तो रात्रीच्या मोक्याच्या वेळी दूरचित्रवाणीवर दिसायचा होता. खेळाडूंची मागणी होती निवृत्तिवेतनाची. वर्षानुवर्षे 'बघू, करू' चालले होते. त्या रात्री दोन्ही बाजूंचे खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिले. लेखी नको, निदान शब्द तरी द्या, नाहीतर आम्ही मैदानात येत नाही. त्या खोलीत बिल रसेल होता, जेरी वेस्ट होता, एल्जिन बेलर होता, रॉबर्टसन होता. लेकर्सच्या मालकाने आपल्या दोन खेळाडूंना धमकीचा निरोप धाडला; त्याने उलट खोलीतले वारे अधिकच तापले. बाहेर प्रेक्षक खोळंबलेले, कॅमेरे सज्ज. अखेर संघटनेचा कमिशनर वॉल्टर केनेडी याने शब्द दिला आणि सामना काही मिनिटे उशिरा सुरू झाला. त्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो रॉबर्टसनच.

पुढच्याच वर्षी रॉबर्टसन संघटनेचा अध्यक्ष झाला. अमेरिकेत एखाद्या मोठ्या खेळाच्या राष्ट्रीय खेळाडू संघटनेचे अध्यक्षपद काळ्या माणसाकडे येण्याची ही पहिलीच वेळ. १९६७ साली एबीए नावाची प्रतिस्पर्धी संघटना निघाली. तिचा चेंडू लाल-पांढरा-निळा, तिचे संघ आज इथे तर उद्या तिथे, आणि पैशाची बोंब. पण दोन दुकाने झाली की मालाला भाव येतो. खेळाडूंचे पगार भराभर वाढले, आणि मालकांना एकाएकी एकोप्याचे महत्त्व पटले. दोन्ही संघटना एक करण्याचा घाट घातला गेला. तो रोखण्यासाठी एप्रिल १९७० मध्ये खेळाडूंनी न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. चौदा संघांतल्या चौदा खेळाडूंनी त्यावर सह्या केल्या. पहिले नाव अध्यक्षाचे, म्हणून तो 'रॉबर्टसन खटला' म्हणून ओळखला गेला. आखणी संघटनेचा वकील लॅरी फ्लायशर याची.

त्याच महिन्यात सिनसिनाटीने रॉबर्टसनला मिलवॉकीला धाडले. संघाचा तेव्हाचा प्रशिक्षक कोण? खेळाडू संघटनेचा संस्थापक बॉब कूझी! माणूस कोणत्या खुर्चीवर बसला आहे यावर त्याची मते किती अवलंबून असतात याचे इतके नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही. रॉबर्टसनचे वाईट झाले नाही. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, मिलवॉकीने विजेतेपद मिळवले. वाईट झाले ते सिनसिनाटीचे. दहा वर्षे ज्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या तो खेळाडू गेला, आणि दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, मालकाने सबंध संघच उचलून कॅन्सस सिटीला नेला. १९८५ मध्ये तो तेथूनही उठून सॅक्रामेंटोला गेला. सिनसिनाटीला त्यानंतर एनबीएचा संघ मिळालेला नाही.

ही बाजू आपण नीट लक्षात ठेवायला हवी. खेळाडूने गाव सोडले की त्याला बेइमान म्हणतात. मालकाने संघासकट गाव सोडले तर त्याला व्यवहार म्हणतात.

खटला सहा वर्षे रेंगाळला. दरम्यान बेसबॉलमधल्या कर्ट फ्लडने याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालय गाठले होते. १९७२ मध्ये तो हरला आणि त्याची कारकीर्दही त्यात संपली. रॉबर्टसन १९७४ मध्ये निवृत्त झाला. फेब्रुवारी १९७६ मध्ये तडजोड झाली: ते जुने कलम गेले, आणि त्याच वर्षी एबीएचे चार संघ एनबीएत आले. खटल्यामुळे आपल्याला पुढे खेळाच्या जगात कामे मिळाली नाहीत, असे रॉबर्टसन नंतर सांगत असे. जी मुभा त्याच्या नावाने ओळखली जाते ती त्याला स्वतःला एक दिवसही वापरता आली नाही.

पण मालक एवढ्यावर हार मानणारे नव्हते. आता करार संपलेला खेळाडू जाऊ शकत होता, पण त्याला नेणाऱ्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि एकमत झाले नाही तर ती कमिशनरने ठरवायची. यातून एक मजेदार प्रकरण घडले. १९७८ मध्ये सिएटलचा उंच सेंटर मार्व्हिन वेब्स्टर न्यूयॉर्कला गेला. सिएटलकर हळहळले. भरपाई म्हणून कमिशनरने न्यूयॉर्कचा तरुण लॉनी शेल्टन सिएटलला देववला, शिवाय पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंतून पहिल्या फेरीत एक निवडण्याचा हक्क आणि रोख रक्कम. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, शेल्टनसह सिएटलने विजेतेपद पटकावले. वेब्स्टरला घेऊन न्यूयॉर्कच्या हाती काहीच लागले नाही. गेलेल्याची हळहळ करणाऱ्यांनी आलेल्याकडे पाहिलेच नव्हते.

भरपाईची पद्धत मोडल्यावर दुसरी आली: बाहेरच्या संघाने देऊ केलेली रक्कम जुन्या संघाने भरली तर खेळाडू त्याच्याकडेच राहणार. तीही १९८८ मध्ये बऱ्याच अंशी सुटली. सात वर्षे खेळलेला आणि दोन करार पुरे केलेला खेळाडू पूर्ण मोकळा झाला. या वाटेने जाणारा पहिला खेळाडू टॉम चेंबर्स, ५ जुलै १९८८, सिएटलहून फिनिक्सला. आदल्या हंगामात अठ्ठावीस सामने जिंकणाऱ्या फिनिक्सने पुढच्या हंगामात पंचावन्न जिंकले. हे पाहिल्यावर कोणत्या गावच्या चाहत्याला स्वस्थ बसवेल? योगायोग असा की, वर्षभर आधीच, १ जुलै १९८७ रोजी, न्यूयॉर्कमध्ये चोवीस तास फक्त खेळावर बोलणारे रेडिओ केंद्र सुरू झाले होते. श्रोत्याने फोन करायचा आणि आपले मत ठणकावून सांगायचे. वादाला विषय मिळाला आणि व्यासपीठही.

या वादाला गणिताचे रूप आले ते पगाराच्या कमाल मर्यादेमुळे. १९८३ च्या करारात मालक व खेळाडूंनी ठरवले की, उत्पन्नाचा त्रेपन्न टक्के भाग खेळाडूंना मिळेल, आणि एका संघाच्या एकूण पगाराला मर्यादा राहील. १९८४-८५ मध्ये ती छत्तीस लाख डॉलर होती. श्रीमंत शहराने सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत हा हेतू. मात्र एक पळवाट ठेवली होती: आपलाच जुना खेळाडू राखायचा असेल तर मर्यादा ओलांडायला हरकत नाही. बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून त्या सवलतीला नाव पडले. म्हणजे घरचा खेळाडू राखण्याची सोय नियमातच होती.

हे समजले की ओरलँडोच्या त्या कौलाचा अर्थ बदलतो. ओरलँडोला ओनीलसाठी कोणालाही काढावे लागणार नव्हते. मालकाने खिसा मोकळा केला की पुरे. लेकर्सला मात्र मर्यादेखाली जागा करावी लागत होती. जेरी वेस्ट, तोच १९६४ च्या त्या खोलीत बसलेला खेळाडू, आता लेकर्सचा कारभार पाहत होता. त्याने व्लादे दिवाच या आपल्या अनुभवी सेंटरला शार्लट संघाकडे देऊन त्याच्या बदल्यात नुकताच शाळेतून बाहेर पडलेला एक मुलगा घेतला. दिवाचला शार्लटला जायचे नव्हते. त्यापेक्षा खेळच सोडतो म्हणाला, मग कसाबसा तयार झाला. एवढ्यानेही भागेना म्हणून आणखी दोघांना व्हँकूव्हरला पाठवले. अशी पै-पै जोडून ओनीलसाठी जागा झाली. आणि तो शाळकरी मुलगा? कोबी ब्रायंट. ओनीलची वाट मोकळी करताना हाती लागलेला हा मुलगा वीस वर्षे लेकर्सकडेच खेळला.

ओरलँडोने धडा घेतला, पण कसा! २००० च्या उन्हाळ्यात त्यांनीही पगाराची जागा मोकळी केली आणि डेट्रॉइटचा ग्रँट हिल व टोरांटोचा ट्रेसी मॅकग्रेडी असे दोन मोहरे मिळवले. शहरात आनंदीआनंद. हिलचा घोटा मात्र आधीच दुखावलेला होता. पुढच्या चार हंगामांत तो अनुक्रमे चार, चौदा, एकोणतीस आणि शून्य सामने खेळला. त्याच्या बदल्यात डेट्रॉइटला जे दोघे मिळाले त्यांत बेन वॉलेस नावाचा कोणाच्या खिजगणतीत नसलेला एक खेळाडू होता. तो चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २००४ मध्ये डेट्रॉइटने विजेतेपद मिळवले. शेल्टनचीच गोष्ट पुन्हा.

चाहत्याचा हिशेब इथेच फसतो. त्याला येणाऱ्याचे नाव दिसते. त्याच्या जागी काय काय गेले ते दिसत नाही. न्यूयॉर्कच्या चाहत्यांनी तर हे दोनदा भोगले. २०१० च्या उन्हाळ्यासाठी त्यांचा संघ दोन वर्षे खेळाडू काढून जागा मोकळी करत राहिला, हरणे सोसत राहिला; ज्याच्यासाठी हे सारे, तो लेब्रॉन जेम्स आलाच नाही. २०१९ मध्येही तसेच. दोन बड्या खेळाडूंची जागा तयार होती, आणि केव्हिन ड्युरांट व कायरी अर्व्हिंग गेले ते त्याच शहरातल्या ब्रुकलिनच्या संघाकडे. जेवायला पान मांडावे आणि पाहुण्याने शेजारच्या घरात शिरावे!

२०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने जे केले ते मात्र नुसत्या हिशेबात मावणारे नव्हते. तो क्लीव्हलँडजवळच्या अ‍ॅक्रन गावचा. कारखाने बंद पडत चाललेल्या त्या शहराला कोणत्याही मोठ्या खेळात १९६४ नंतर विजेतेपद मिळाले नव्हते. सात वर्षे तो तेथे खेळला. ८ जुलै २०१० रोजी दूरचित्रवाणीवर खास कार्यक्रम करून, सुमारे एक कोटी प्रेक्षकांसमोर, त्याने आपण मायामीला जात असल्याचे जाहीर केले. कार्यक्रमाचे पैसे मुलांच्या संस्थांना दिले गेले, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. क्लीव्हलँडच्या रस्त्यांवर त्याच्या नावाच्या बनियनी जळाल्या. संघाचा मालक डॅन गिल्बर्ट याने त्याच रात्री जळजळीत पत्र प्रसिद्ध केले आणि जेम्सच्या आधी आपण विजेतेपद मिळवू अशी हमी देऊन टाकली. जेसी जॅक्सन यांनी त्यावर बोट ठेवले: पळालेल्या गुलामावर मालक जसा संतापतो तसा हा संताप आहे. ही तुलना अनेकांना झोंबली, आणि एनबीएने जॅक्सनच्या या बोलण्याला नापसंती दाखवली, पण पत्राबद्दल गिल्बर्टला एक लाख डॉलरचा दंडही केला.

माझ्या मते तो कार्यक्रम ही जेम्सची चूक होती. जाणे ही नव्हती. घर सोडणाऱ्याने उंबरठ्यावर वाजंत्री लावू नये. पण सात वर्षे खेळून जाणाऱ्याला पळपुटा म्हणण्याचा अधिकार कोणाला? क्लीव्हलँडचे मात्र हाल झाले. आदल्या हंगामात एकसष्ट सामने जिंकणारा संघ पुढच्या हंगामात एकोणीस जिंकला. मध्ये लागोपाठ सव्वीस हरला. २०१४ मध्ये जेम्स परत आला. बनियनी जाळणाऱ्यांनी नव्या विकत घेतल्या असाव्यात. २०१६ मध्ये क्लीव्हलँडला बावन्न वर्षांनी विजेतेपद मिळाले. २०१८ मध्ये तो पुन्हा गेला, लेकर्सकडे. या वेळी गावाने त्याला रीतसर निरोप दिला.

त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे पगाराची मर्यादा सात कोटी डॉलरवरून एकदम नऊ कोटी एकेचाळीस लाखांवर गेली. एका वर्षापुरते मोठमोठे दरवाजे उघडे पडले. त्यातून ओक्लाहोमा सिटीचा केव्हिन ड्युरांट गोल्डन स्टेटला गेला. त्याच गोल्डन स्टेटने महिन्याभरापूर्वी ओक्लाहोमाला तीन-एक अशा आघाडीवरून हरवले होते! शत्रूच्या गोटात गेला म्हणून ओक्लाहोमाचे चाहते पेटले. त्यांची वेदना खोटी नव्हती. पण तो संघ ओक्लाहोमात आला कसा? चेंबर्स ज्याला सोडून गेला, शेल्टनने ज्याला विजेतेपद मिळवून दिले, तोच सिएटलचा संघ. एक्केचाळीस वर्षे सिएटलमध्ये राहिलेला. २००६ मध्ये ओक्लाहोमाच्या धनिकांनी तो विकत घेतला आणि २००८ मध्ये उचलून नेला. एकोणीस वर्षांचा ड्युरांट पहिला हंगाम सिएटलमध्येच खेळला होता. संघाबरोबर तोही गेला. सिएटलच्या चाहत्यांना कोणी विचारले नव्हते.

आपल्याकडे २००८ पासून आयपीएलचे लिलाव सुरू झाले आणि कोणाला राखावे, कोणाला सोडावे यावर आपल्या घरांतही तावातावाने बोलणे होऊ लागले. पण लिलावात खेळाडू संघ निवडत नाही. हातोडा पडेल तिकडे जातो. रॉबर्टसन ज्यासाठी भांडला ती गोष्ट ही नव्हे.

अमेरिकेतही मालकांचा हात अजून लांबच आहे. १ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री डल्लास संघाने आपला पंचवीस वर्षांचा लुका डॉन्चिच लेकर्सला देऊन टाकला, त्याला पत्ताही न लागू देता. आदल्याच वर्षी त्याने संघाला अंतिम फेरीत नेले होते. थोड्या महिन्यांनी त्याला फार मोठा करार द्यावा लागणार होता, तो टळला. चाहते स्टेडियमबाहेर जमले. तेथे डर्क नोव्हित्स्कीचा पुतळा आहे. एकवीस हंगाम एकट्या डल्लाससाठी खेळलेला माणूस. त्या पुतळ्यापाशी लोकांनी फुले ठेवली, खोटी शवपेटी आणून ठेवली. या वेळी कोणी खेळाडूची बनियन जाळली नाही. महिनोन्‌महिने प्रत्येक सामन्यात घोषणा होत राहिल्या त्या संघाचा व्यवस्थापक निको हॅरिसन याला काढा म्हणून, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मालकाने त्याला काढले.